ग्रानादात ऐकलेली एकटी गिटार

स्पेनमधल्या ग्रानादाला जाणारे सगळे तिथला जुना राजवाडा, अलहाम्ब्रा, बघतात, आम्हीपण बघितला, भारीच आहे, पण त्यावर नेटवर ढिगाने लिहिलेलं सापडेल त्यामुळे मी सोडून देते. मला सांगायचंय ते फ्लामेंको गिटारबद्दल, फ्लामेंको म्हणजे दक्षिण स्पेनचं गाणं, नाच आणि गिटारचं संगीत.

प्लासा नुएव्हाकडून अलहाम्ब्राला जो चढ जातो ना, कुएस्ता दे गोमेरेस, तिथे गिटार बनवणाऱ्यांची छोटी छोटी दुकानं आहेत. एका दुकानात हातात घेऊन बघायला मिळाली. इतकी हलकी! पाठ आणि कडा सायप्रसच्या लाकडाच्या, आणि तारा पट्टीच्या एवढ्या जवळ की जरा जोरात छेडलं तर खरखरतात. क्लासिकलवाले याला दोष म्हणतील, फ्लामेंकोवाल्यांना थोडी खरखर हवीच असते. तारांखाली एक पारदर्शक पत्रा चिकटवलेला, त्याच्यावर वाजवताना बोटाने टकटक करायची, नाहीतर लाकडाचं वाटोळं.

संध्याकाळी आल्बाइसिन या जुन्या वस्तीतल्या एका पेन्यात गेलो. पेन्या म्हणजे रसिकांचं मंडळ, इथली ला प्लातेरिया तर 1949 पासूनची. आम्ही गेलो तिथे नाच नाही, गाणं नाही, एक वयस्कर माणूस खुर्चीत बसून गिटारला कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावतोय. नवरा कानात म्हणाला, डान्स कधी सुरू होणार? गप बस म्हटलं.

आधी तारांता वाजवली, फ्लामेंकोचा एक प्रकार. ही मूळची खाणकामगारांच्या भागातली, अल्मेरिया, मुर्सिया वगैरे. ताल नाहीच, आपल्या आलापासारखी मोकळी. हात फा शार्पच्या कॉर्डवर आणि वरच्या तारा मोकळ्या सोडलेल्या, त्यामुळे अर्ध्या सुराच्या अंतरावरचे दोन सूर एकमेकांना घासत राहतात, आणि तो मुद्दाम त्यातून लवकर बाहेरच येत नव्हता.

मग सोलेआ, हा दुसरा प्रकार. बारा मात्रांचं चक्र, जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर. आता आपली सवय अशी की वाक्य समेवर येऊन संपायचं, इथे ते दहावर संपतं आणि अकरा-बारा नुसत्या टकटकीत जातात, मी मांडीवर बोटं मोजत बसले होते तरी तीनदा घसरले. पण एकदा का ते दहावर थांबणं कानात बसलं की मग मजा येते, कारण हा बाबा आठ झाल्यावर जरासा रेंगाळायचा, आता चुकला असं वाटेपर्यंत, आणि अंगठ्याने खालच्या तारेवर बरोब्बर दहा मारायचा. हॉलमधून कोणीतरी बारीक आवाजात ओले म्हणायचं, म्हणजे आपलं वाहवा.

ही गिटार मुळात गायकाच्या साथीची. दोन कडव्यांच्या मधे जे छोटे तुकडे वाजवायचे त्यांना फाल्सेता म्हणतात, आणि जुन्या पद्धतीचं एकट्याचं वादन म्हणजे असे तुकडे एकामागोमाग ओवलेले, काही गुरूकडून आलेले, काही स्वतःचे. म्हणूनच असेल, पण मला सारखं वाटत होतं की आता कोणीतरी गाणार. तुकडा संपला की तो दोन-तीन साध्या कॉर्ड्स वाजवत थांबायचा, अगदी गायकाला जागा दिल्यासारखा. माझ्या मते सोलोची सगळी गंमत त्या जागेत आहे. नुसत्या स्पीडने वाजवणारे मला म्हणूनच थोड्या वेळाने कंटाळवाणे वाटतात, फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया सोडून, त्याच्या स्पीडलापण वजन आहे.

ऐकायचंच असेल तर जुना गिटारवादक रामोन मोंतोयाने 1936 ला पॅरिसमध्ये केलेली रेकॉर्डिंग्ज घ्या, रेकॉर्ड जुनी आहे, कान जरा ताणावे लागतील. मग मोरोन दे ला फ्रोंतेरा या गावचा गिटारवादक दिएगो देल गास्तोर. तो फार फिरला नाही, उलट 60 च्या दशकात अमेरिकेतली पोरं गिटार घेऊन त्याच्या गावात येऊन राहायची. सूर कमी, अंगठा जास्त आणि मधली थांबणी तर विचारू नका. आणि ओळखीत कोणी तबलजी असेल तर त्याला सोलेआ जरूर ऐकवा, दहावर संपतंय म्हटल्यावर भांडायलाच येईल.