गिझरवर आळ, दोष न्यूट्रलचा

कोकणातल्या आमच्या घरी गेल्या जूनमध्ये आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही, म्हणजे कुठे गळती झाली, की सगळ्या घराची वीज तोडणारा स्विच) वारंवार ट्रिप होऊ लागला. उन्हाळाभर त्याची काहीच तक्रार नव्हती. पाऊस मुरल्यावर मात्र गिझर लावताच सगळ्या घराची वीज जाई. वायरमनने गिझरची कॉइल लीक असल्याचे सांगून ती बदलली आणि दुसऱ्याच दिवशी इस्त्री लावल्यावर तेच घडले.

माझा संशय पावसाचे शिंतोडे येणाऱ्या पडवीवर होता. तिथली एमसीबी (एकेका सर्किटचा छोटा स्विच) बंद करून दिव्याच्या होल्डरमध्ये फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) यांच्यात मल्टिमीटर लावला, तर ८७ व्होल्ट दिसले. बंद वायरीत वीज आहे, म्हणजे पाइपात कुठेतरी दुसऱ्या सर्किटची फेज तिला चिकटली असणार, असे समजून वायरमनकडून दोन जंक्शन बॉक्स उघडवून घेण्यात अख्खा दिवस गेला. प्रत्यक्षात तसे काहीच नव्हते. एकाच पाइपातून जिवंत वायरीला खेटून गेलेल्या मोकळ्या वायरीत, दोघींमधल्या अत्यल्प कपॅसिटन्समुळे (न टेकताही एकीचा विद्युत परिणाम दुसरीवर होण्यामुळे), थोडे व्होल्टेज उमटतेच. साधारण १० मेगओहम रोधाचा डिजिटल मीटर तिच्यातून जवळजवळ काहीच करंट घेत नसल्यामुळे तो आकडा तसाच दाखवतो. वायरमनने त्याच दोन टोकांना ६० वॅटचा बल्ब जोडला, तेव्हा ८७ चे शून्य झाले. मी पडवीला निर्दोष ठरवून मोकळा झालो, आणि ही दुसरी चूक होती.

कारण आमच्याकडच्या एमसीबी सिंगल पोल आहेत. त्या फक्त फेज तोडतात. न्यूट्रल मात्र बारवर, म्हणजे सगळे न्यूट्रल एकत्र जोडणाऱ्या पट्टीवर, जोडलेलाच राहतो. एखाद्या सर्किटचा न्यूट्रल अर्थिंगला टेकला असेल, तर घरातल्या कुठल्याही उपकरणाच्या परतीच्या करंटचा काही भाग त्या वाटेने जमिनीत जातो आणि आरसीसीबीला गळती दिसते. म्हणून जे जड उपकरण लावावे तेच गुन्हेगार वाटते. गिझर चालू असताना न्यूट्रल जमिनीपेक्षा २ व्होल्टने वर आहे आणि अर्थिंगच्या वाटेचा रोध १०० ओहम आहे असे धरले, तर गळती २० मिलिअँपिअर होते. तोच रोध ४० ओहमवर आला की ती ५० होते. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने ३० ला तुटायलाच हवे. जांभ्यात खणलेला आमचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो. पावसाने अर्थिंग सुधारले, म्हणून जुना दोष उघडा पडला!

शेवटी मेन स्विच आणि आरसीसीबी दोन्ही बंद करून वायरमनने बारवरचा एकेक न्यूट्रल सोडवला आणि अर्थशी त्याचा रोध मोजला. तीन वायरींचा काहीच संबंध दिसला नाही. चौथीने ३ ओहम दाखवले, आणि ती पडवीचीच होती. तिथल्या बोर्डाच्या पत्र्याच्या पेटीचा एक स्क्रू काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या, वायरीच्या आवरणात शिरून तांब्याला टेकला होता. वायर बदलून आखूड स्क्रू लावल्यावर गिझर आणि इस्त्री एकदम लावूनही आरसीसीबी हलला नाही.

गिझरची काढलेली कॉइल मी टाकली नव्हती. नंतर वायरमनने ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) आणला तेव्हा ती तपासून घेतली. तिचे इन्सुलेशन उत्तम निघाले.