थरथरणारी प्लेट आणि लेकीची हाडं

लेक पंधरा वर्षांची, डाउन सिंड्रोम. थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणून रक्ताच्या तपासण्या ठरलेल्याच असतात, यावेळी डॉक्टर म्हणाल्या एकदा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, पण करून घेऊ. रिपोर्टात झेड स्कोअर, म्हणजे तिच्या वयाच्या मुलींच्या सरासरीशी तुलना, मायनसमध्ये, आणि घरी येईपर्यंत मला डोळ्यासमोर नुसतं प्लॅस्टर दिसत होतं.

मग फिजिओताईंनी समजावलं. डेक्सा हाडाची सावली मोजल्यासारखं मोजतं, जाडी धरतच नाही, त्यामुळे लहान चणीच्या मुलांचं हाड आहे त्यापेक्षा विरळ दिसतं. आपली मुलं उंचीला कमीच, तेव्हा उंचीचा हिशोब लावूनच तो आकडा वाचायचा. हे आधी कोणी सांगितलं असतं तर दोन रात्री झोप तरी लागली असती! पण सगळा दोष मशीनवर ढकलून चालत नाही हां. स्नायू ढिले, सांधे सैल, पळापळ कमी, आणि हाडाला ताण बसला तरच ते भरतं. थायरॉइड, सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा त्रास) वगैरे असेल तर त्यात आणखी भर.

आता उपाय म्हणजे उड्या, सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे उड्या मार म्हटलं की बाईसाहेब जमिनीवर फतकल मारून बसतात. म्हणून व्हायब्रेशन प्लेट. गुडघे थोडे वाकवून नुसतं उभं राहायचं, खालची प्लेट सेकंदाला 25-30 वेळा हलते आणि तोल सांभाळायला स्नायू आपोआप आवळतात, त्याची ओढ हाडावर. शिकायचं फार काही नाही, हेच मला आवडलं.

मी थोडं वाचलं पण. स्पेनमधल्या झारागोझा विद्यापीठाच्या टीमचा 2016 चा अभ्यास आहे, डाउन असलेली आणि नसलेली मुलं, 20 आठवडे, आठवड्यातून 3 दिवस, 30 ते 60 सेकंदांचे 10 राउंड आणि मध्ये 1 मिनिट आराम. डाउन असलेल्या मुलांच्या हाडांत खनिज वाढलेलं दिसलं. गट लहान होता, आणि हाडं मोडायची कमी झाली का हे त्यात नाहीये, त्यामुळे प्लेट विकणारे जे छातीठोक बोलतात ते मी एका कानाने ऐकते.

आणि सगळ्या प्लेटा सारख्या नसतात. 2001 मध्ये मेंढ्यांवर वर्षभर केलेला एक गाजलेला प्रयोग होता, त्यात धक्का फक्त 0.3 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, तरी मांडीच्या हाडाचा आतला जाळीदार भाग बराच दाट झाला. उलट 30 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 30 वेळा, आणि 2 मिलिमीटर हलणारी प्लेट घेतली तर नवऱ्याने कागदावर हिशोब केला, साडेतीन जीच्या वर जातं! फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की धक्का चौपट. म्हणून घरी बटणं दाबून प्रयोग नकोच.

मानेचं तर मी सगळ्यांना सांगत सुटते. आपल्या काही मुलांमध्ये मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सैल असतात, त्यामुळे प्लेटवर चढवायच्या आधी डॉक्टरांना विचाराच, हृदयाचं ऑपरेशन झालं असेल किंवा फिट येत असतील तर तेही सांगा. मान दुखणं, चाल बिघडणं, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काहीही नवीन दिसलं तर प्लेट बंद आणि थेट डॉक्टर. आणि गुडघे सरळ ठेवले तर सगळी थरथर डोक्यापर्यंत जाते, वाकवले की पायातच बरीचशी जिरते. हे लेकीला इतकं पाठ झालंय की बाजूला मी उभी राहिले तरी ओरडते, "आई, गुडघे!"

राउंड तीस सेकंदांचा. मोजायचं काम तिचंच, कोणी मध्ये बोललेलं चालत नाही. एकोणतीसपर्यंत झकास येते आणि तिथून पुन्हा वीस. फिजिओताई घड्याळ बघून प्लेट बंद करतात, आणि ही उतरायला तयार नाही, कारण तिचे तीस अजून झालेलेच नसतात.