माणूस झाडाला टेकला, पुढे काय?

चिनी शिकतेय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "ती चित्रलिपी ना?" सुरुवातीची पुस्तकंही या समजुतीला खतपाणी घालतात. माणूस झाडाला टेकला की झाली विश्रांती. दोन झाडांची राई, तीन झाडांचं अरण्य. मोठं गोड वाटतं. पण अशी अक्षरं लवकर संपतात, आणि नेमकं तिथेच बरेच जण शिकणं सोडून देत असावेत.

खरा आधार उच्चाराचा. बहुसंख्य अक्षरं दोन तुकड्यांची असतात. एक तुकडा अर्थाचा सुगावा देतो, दुसरा आवाजाचा. हान काळातल्या शू शेन या पंडिताने इ.स. 100 च्या सुमारास 9,353 अक्षरं 540 गटांत लावून कोश केला, त्यातही ही रीत सांगितलेली आहे. माझं लाडकं उदाहरण 'छिंग'चं. एकटं असेल तर हिरवा-निळा रंग. डावीकडे पाण्याचे तीन थेंब दिले की स्वच्छ, सूर्य दिला की निरभ्र, हृदय दिलं की भावना, बोलण्याची खूण दिली की विनंती. सगळी 'छिंग'च, सूर (आवाजाचा चढउतार) तेवढे वेगवेगळे. डोळा जोडला तर मात्र 'चिंग', म्हणजे बुबुळ. एकाच घरातली इतकी अक्षरं भेटली की पाठांतराची धास्ती निम्मी होते.

आवाजाचा तुकडा दगा देतो, तेही मान्य. नदीच्या 'च्यांग'मध्ये पाण्याशेजारी 'कुंग' बसलाय. अक्षर घडलं तेव्हा दोन्ही उच्चार जवळचे होते, पुढे बोली बदलली आणि अक्षर तसंच राहिलं. कँटोनीज या दक्षिणेकडच्या बोलीत ही जोडी अजून 'कोंग' आणि 'कुंग' अशी शेजारी-शेजारी नांदते. (उच्चारांच्या बाबतीत आपली चैन आहे. 1958 पासून वापरात असलेल्या पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, जिथे 'झेड' लिहितात, तो आवाज म्हणजे आपल्या 'चाक'मधला च. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना तो घोटावा लागतो.)

चित्रांच्या गोष्टी रचणाऱ्यांवर माझा राग आहे तो चंद्रामुळे. पोट, पाय, चेहरा, सगळ्यांच्या डावीकडे चंद्र दिसतो. त्यावर लोक काय काय काव्यं रचतात! तो चंद्र नाहीच, ते मांस आहे. 'मांस'चं अक्षर बाजूला दाबून लिहिता लिहिता चंद्रासारखं दिसू लागलं, एवढंच. शरीराच्या अवयवांत मांस असणार नाही तर काय?

लिहिण्याचे नियम मात्र मला मनापासून आवडतात. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी रेघ उभीच्या आधी. चौकट असेल तर तीन बाजू काढायच्या, आतलं भरायचं आणि तळाची रेघ शेवटी. आमच्या शिक्षिका म्हणतात, "आधी आत जा, मग दार लाव." हा क्रम शिस्तीपुरता नाही. घाईच्या हस्ताक्षरात रेघा एकमेकींत वाहत जातात, त्या कुठून कुठे गेल्या हे क्रम हातात असेल तरच ओळखता येतं. आणि हाताने लिहिल्याशिवाय नजर तयार होत नाही. 'माती' आणि 'विद्वान' यांत फरक एवढाच की मातीची खालची आडवी रेघ लांब, विद्वानाची वरची.

सोपी अक्षरं की पारंपरिक, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. चीनच्या मुख्य भूमीवर 1956 च्या आराखड्यापासून सोपी, कमी रेघांची अक्षरं आली, तैवान आणि हाँगकाँगमध्ये पारंपरिक टिकली. 'ऐकणे'मधला कान काढून तिथे तोंड आणि कुऱ्हाड बसवली, हे मला आजही पटत नाही. पण 'घंटा' या अक्षरात पूर्वी आवाजासाठी 'थुंग' होता, उच्चार मात्र 'चुंग'. सोपं करताना तिथे थेट 'चुंग' आणला. हे काम चोख झालं. म्हणून मी लिहिते सोपी, वाचायचा प्रयत्न दोन्हींचा करते.

आता तर खुद्द चिनी लोकच लेखणी उचलली की अक्षर विसरतात. फोनवर पिनयिन टाइप करायचं, यादीतून अक्षर निवडायचं, मग हाताला आठवण राहणार कशी? 'शिंक' हा शब्द दोन अक्षरांचा, त्यातलं दुसरं अक्षर यासाठी बदनाम आहे, चांगले शिकलेले लोकही तिथे अडकतात. माझा हिशोब सरळ आहे. जे तुकडे पुन्हा पुन्हा भेटतात आणि ज्यांच्यापासून पुढची अक्षरं बनतात, ते हाताने घोटायचे. बाकीची ओळखता आली तरी चालतील. शिंकेच्या त्या दुसऱ्या अक्षरात 17 रेघा आहेत, आणि त्याच्यासाठी वही उघडायचा माझा मुळीच विचार नाही.