सेफ्टी स्टॉपचा चोर अखेर सापडला

मंडळी, स्कूबा डायव्हिंगमध्ये दोन सीझन माझा सेफ्टी स्टॉप (वर येताना शरीरातला नायट्रोजन निघून जावा म्हणून ५ मीटरवर तीन मिनिटं थांबणं) बिघडवून ज्याने छळलं तो चोर गेल्या शनिवारी मालवणात पकडला. तोही पाण्याखाली नाही, बोटीवर, चहा पिताना.

ज्यांनी माझ्या मागच्या नोंदी वाचल्यात त्यांना नेत्राणीचा (कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं बेट) प्रताप आठवत असेल. फेब्रुवारी, दिवसातला दुसरा डाइव्ह, कमाल खोली २२ मीटर, ३८ मिनिटं. दोरीपाशी ५ मीटरवर आलो, तीन मिनिटांचा स्टॉप सुरू केला आणि चाळीस सेकंदांत हळूहळू वर सरकायला लागलो. बीसीडीच्या (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) इन्फ्लेटरची, म्हणजे हवा भरायच्या-सोडायच्या बटणांची, नळी उंच धरून हवा सोडली, थोडी गेली. पण मी बऱ्यापैकी आडवा, त्यामुळे उरलेली हवा पाठीमागे ढुंगणापाशी जाऊन बसली. मागचा डम्प (हवा सोडायचा व्हॉल्व्ह) खेचायचं सुचेपर्यंत मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर कोकलत होता आणि माझं डोकं पाण्याबाहेर होतं. डोकं एवढंच शाबूत राहिलं की पूर्ण वेळ श्वास सोडत होतो, रोखला नाही. राहिलेला स्टॉप करायला परत खाली गेलो नाही, उरलेला दिवस बोटीत पाणी पीत आणि स्टॉप चुकल्याने दुखतायत का म्हणून सांधे चाचपत काढला. काही झालं नाही. लाज तेवढी वाटली.

निदान करणारे भरपूर भेटले. कोणी म्हणालं श्वास फार मोठे घेतोस, कोणी म्हणालं बुडायला बांधतोस ते शिशाचं वजन कमी पडतंय. दुसरं मला पटलं, कारण ते सोपं होतं. ५ किलोचे ६ झाले, मग ७, मे महिन्यात तारकर्लीला ८. आणि तरी वर जायचोच! एकदा तर तांडेलने वरून विचारलंन, "काय ओ, फुग्यासारखे वर इलात ते?"

वजन वाढवण्यातला सापळा मला फार उशिरा कळला. तीन किलो जास्तीचं शिसं बांधलं की तळाशी ते तोलायला बीसीडीत तीन लिटर जास्तीची हवा लागते. २२ मीटरवर दाब ३.२ बार, ५ मीटरवर १.५. म्हणजे तीच तीन लिटर हवा स्टॉपपर्यंत साडेसहाच्या आसपास फुगते. वाटेत सोडत यायचं खरं, पण जेवढी जास्त हवा तेवढं सोडायचं गणित जास्त नाजूक. शिवाय असं पोतं ओढत पोहायचं म्हणजे धाप. त्या काळात माझी हवा २०० वरून ६० बारला ३४ मिनिटांत यायची. बडीची (म्हणजे जोडीने डाइव्ह करणाऱ्या सौ.ची) हवा माझ्या आधी कधीच संपत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता शनिवार. पहिल्या डाइव्हनंतर मी उत्साहाच्या भरात लगेच नवा सिलिंडर जोडला, व्हॉल्व्ह उघडून २०० बार बघितले आणि तसाच उघडा ठेवला. ही चूकच. पुढचा गट ट्राय डाइव्हचा (पहिल्यांदाच उतरून बघणाऱ्यांचा), त्यातले दोघे लाटेने हैराण, त्यामुळे पंचवीस मिनिटं नुसतं डुलत बसलो. तेवढ्यात सौ. म्हणाली, "अरे, तुझ्या बीसीडीत हवा कोणी भरली?"

कोणीच नव्हती भरली. रिकामी करून ठेवलेली बीसीडी उशीसारखी टम्म झाली होती.

मग चहा बाजूला. सगळी हवा काढली, सिलिंडरकडून इन्फ्लेटरला येणारी नळी जोडलेलीच ठेवली, घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांत परत गुबगुबीत. परत रिकामी केली, या वेळी ती नळी कॉलर (टोकाची सरकती कडी) खेचून इन्फ्लेटरपासून सोडवली. पंधरा मिनिटं झाली तरी पापडासारखी सपाट! म्हणजे बटण न दाबताच इन्फ्लेटर आतल्या आत, आवाज न करता हवा सोडत होता. बाहेर बुडबुडा नाही, म्हणून पुण्यात टबात बुडवून केलेल्या माझ्या सगळ्या तपासण्या फोल. त्या बाहेर जाणारी गळती शोधत होत्या, ही तर आत येणारी. आणि दरवेळी मी सिलिंडर न जोडता, तोंडाने फुगवूनच तपासायचो. हुशारी.

पोहताना हे कळलं नाही, कारण खाली जाताना आपण बटण दाबून हवा भरतोच, वर येताना हवा सोडतोच. थोडं इकडेतिकडे झालं तर वाटतं आपलंच चुकलं. स्टॉपला तीन मिनिटं एका जागी थांबायचं आलं की चोर उघडा पडायचा.

रात्री होमस्टेवर कोमट पाण्यात बुडवून शंभर वेळा बटण दाबलं. ढिम्म. सकाळी तिथल्या इन्स्ट्रक्टरने दहा मिनिटांत इन्फ्लेटरच्या व्हॉल्व्हची कोर (आतला छोटा गाभा) बदलून दिली. जुन्या कोरच्या रबरावर मिठाचा कण रुतून चीर पडलेली. दिसायला ही कोर टायरच्या व्हॉल्व्हची सख्खी चुलत बहीण, पण सायकलच्या दुकानातली बसवायची अक्कल कोणी चालवू नका, कंपनीचीच मागवा.

इथे थोडी जळजळ. पावसाळ्यात हा सगळा सेट मी एका दुकानात सर्व्हिसला टाकला होता. पाच आठवडे ठेवून घेतला, 'इन्फ्लेटर चेक्ड' असं बिलावर लिहून दिलं. चेक्ड म्हणजे बहुतेक फडक्याने पुसला. पण खरं तर मूळ पाप माझंच: मालवणहून परतताना गियर ओलंच बॅगेत कोंबायचं आणि 'घरी गेल्यावर धुऊ' म्हणायचं. घरी पोचायला रात्र होते, मीठ तोवर वाट बघत नाही.

रविवारी जुन्याच ५ किलोंवर आलो. १२ मीटर, विझ (पाण्यात दिसायचं अंतर) जेमतेम चार मीटर, सार्जंट मेजरचा एक थवा आणि खडकाखाली लायनफिश. स्टॉपला दोरी सोडून हात बांधले. कॉम्प्युटर ४.८ ते ५.२ मध्ये, तीन मिनिटं, एकदाही बटणाला हात नाही. वर आल्यावर ४३ मिनिटं आणि ८० बार शिल्लक! सौ.ने फक्त भुवया उंचावल्या, मास्कमधूनही दिसल्या.

बॅकप्लेट-विंग (पाठीवर पत्रा आणि हवेची पिशवी असलेला बीसीडीचा प्रकार) घ्यायचा जो बेत गेल्या वेळी जाहीर केला होता तो आता रद्द. एवढे पैसे... थांबा, लिहिता लिहिताच लक्षात येतंय, ५ किलोही मी भरलेल्या सिलिंडरवर ठरवले होते. ११ लिटरच्या सिलिंडरमधली हवा २०० वरून ५० बारला येईपर्यंत जवळजवळ दोन किलोंनी हलकी होते. रविवारी ८० वर थांबलो म्हणून निभावलं असेल. तेव्हा पुढच्या वेळी डाइव्हच्या शेवटी, ५० बारवर, बीसीडी पूर्ण रिकामी करून वजन तपासायचं. कदाचित साडेपाच लागतील. त्यातला एक किलो सिलिंडरच्या पट्ट्यावर वर सरकवून बघतो, पाय अजून खाली ओढतात.

आणि एक कवायत आता दर डाइव्हला: डोळे मिटून डाव्या हाताने इन्फ्लेटरची कॉलर खेचून नळी सोडवायची. बोटीवर पहिल्यांदा ११ सेकंद लागले. बोटं ओली असताना ती कॉलर माशासारखी निसटते. नेत्राणीला डिसेंबरात जायचंय, तोवर पाचच्या आत आणतो.

स्पेअर कोर दोन मागवल्यात. दुसरी सौ.साठी नाही, तिच्या ऑक्टोपसमधून (श्वास घ्यायचा राखीव रेग्युलेटर) काल बारीक फुसफुस येत होती, ते वेगळंच प्रकरण आहे.