काटा, गोळी आणि स्प्रिंग

आज कराडच्या धावपट्टीवर दिवसभर एकाच काट्याकडं बघत बसलो. छोट्या विमानाचं लायकॉमिंग ओ-३२० इंजिन, गरम झालं की ऑईल प्रेशर गेजवरच्या हिरव्या (म्हणजे नॉर्मल) पट्ट्याच्या खाली घसरायचं. प्रेशर वाढवायचा स्क्रू आवळा की राव, असं सगळ्यांचं चाललेलं, पण मी आधी दुसरा गेज लावून बघितला कारण बऱ्याचदा खोटं बोलतो तो काटाच. काटा खरा निघाला. मग रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप) खोलला, आत काय, एक स्प्रिंग आणि एक गोळी, ती गोळी सीटवर नीट बसली नाही की तेल तिथूनच परत खाली पळतं आणि प्रेशर पडतं, आणि झालंही तसंच, कार्बनचा बारका कण अडकलेला 😄 पुसून बसवलं, स्क्रू थोडा आत घेतला, एका फेऱ्याला प्रेशर साधारण ५ पीएसआय (दाबाचं एकक) वाढतं (जुन्या मॉडेलला स्क्रूच नाही, स्प्रिंगमागं वॉशर घालत बसा!). तेल चांगलं तापवून रनअप (जमिनीवरच इंजिन जोरात चालवून चाचणी) घेतला, ७५ ला स्थिर, आयडलला (इंजिन अगदी हळू फिरताना) २५ च्या खाली जायला नको तेपण ओके. थंड इंजिनवर सेटिंग करणारे महाभाग बघितलेत, त्यांना दंडवत. उद्या फिल्टर कापून बघायचाय, धातूचा चुरा निघाला तर मात्र बेअरिंगचं दुखणं, तिथं स्क्रू पिळून काय उपयोग नाय.