म्योडलारॉइट : ओढ्याच्या दोन काठांवरचं गाव

बर्लिनची भिंत सगळेच बघतात, आम्ही पण बघितली, पण खरं सांगते, युरोपची फाळणी मला कळली ती म्योडलारॉइटला. म्युनिचहून गाडीने तीनेक तास, होफ शहराच्या थोडं पुढे, जेमतेम पन्नास माणसांचं गाव. मधून टानबाख नावाचा ओढा जातो, एवढासा की लांब ढांग टाकली की पलीकडे. अलीकडे बव्हेरिया, पलीकडे थुरिंगिया, ही जर्मनीची दोन राज्यं. ही हद्द 1810 पासूनची, पण तेव्हा ती फक्त दगडांवर होती, माणसं खुशाल ये-जा करायची. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र अमेरिकेचा ताबा अलीकडे (पुढची पश्चिम जर्मनी) आणि रशियाचा पलीकडे (पुढची पूर्व जर्मनी), आणि गावाचे सरळ दोन तुकडेच झाले.

शाळेत आम्ही 'टीपा लिहा'साठी नाटो (अमेरिकेच्या बाजूच्या देशांची लष्करी युती) आणि वॉर्सा करार (रशियाच्या बाजूच्यांची) घोकलेले. मे 1955 मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत गेली आणि आठवड्याच्या आत, 14 मेला, वॉर्सा करार झाला, त्यात पूर्व जर्मनी. मार्क मिळाले, विषय संपला. इथे काठावर उभं राहिल्यावर लक्षात आलं की त्या दोन टीपांच्या मधली रेघ म्हणजे हे पाणी, आणि एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेल्या दोन फौजांच्या मध्ये कोणाचं तरी अंगण होतं, गोठा होता.

1952 ला आधी लाकडी कुंपण आलं, पूर्वेकडच्या काही घरांना तर बळजबरीने गाव सोडायला लावलं, मग काटेरी तार, आणि 1966 ला 700 मीटर लांब काँक्रीटची भिंत. अमेरिकन सैनिक गावाला 'लिटल बर्लिन' म्हणायचे. सगळ्यात जास्त मला काय लागलं तर पूर्वेकडच्यांना पलीकडे बघून नुसता हात हलवायचीही बंदी होती. समोर सख्खं माणूस दिसतंय आणि हात करायचा नाही, हे वाचून मी तिथेच थांबले, पुढचा बोर्ड वाचवेना.

9 डिसेंबर 1989 ला भिंतीत वाट उघडली, पुढच्या जूनमध्ये ती पाडली. एक तुकडा, टेहळणीचा मनोरा आणि जाळीचं कुंपण म्युझियमने तसंच ठेवलंय. तिकडे जाणार असाल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा, घाई करू नका.

अजूनही गाव दोन राज्यांत आहे, पिनकोड वेगळे, फोनचे कोड वेगळे. अलीकडच्या आजी 'ग्र्युस गॉट' म्हणाल्या, ओढा ओलांडल्यावर एक काका 'गुटेन टाग' म्हणाले, नमस्कारसुद्धा दोन तऱ्हांचे. मी दोघांनाही हात केला.