बडोद्याहून बळ्ळारी, तेही दगड बघायला

बळ्ळारीला कोणी फिरायला जातं का, असं घरात सगळ्यांनी विचारून झालं. पण मामांनी एकदा ठरवलं की ठरवलं. गाड्या बदलत, कंबर मोडत पोचलो, हम्पी उरकलं (ऊन, गर्दी, सेल्फी), आणि मग संगनकल्लू, बळ्ळारीजवळची अश्मयुगातली जागा.

शहराला लागूनच ग्रॅनाइटच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्यातून काळ्या डोलेराइटचा पट्टा गेलाय. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी लोक हा दगड फोडून इथेच कुऱ्हाडी बनवायचे, चक्क कारखाना होता! आधी छिलके उडवून आकार द्यायचा, मग ठोकून ठोकून उंचवटे घालवायचे आणि शेवटी ग्रॅनाइटवर पाणी टाकून घासत बसायचं, धार चकचकीत होईपर्यंत. जिथे घासलं तिथे खडकात लांबट खाचा पडल्यात. एकीत बोटं फिरवली तर वर्षानुवर्षं टाकी न लावलेल्या पाट्यासारखी गुळगुळीत, आणि वीतभर बाजूला तोच खडक कातडी सोलेल असा. मी तिथून हलेचना. मामा ओरडले, "अगं, ऊन बघ!" सावली नाहीच, पाण्याची बाटली रिकामी, त्यात मेंढ्या घेऊन आलेल्या एका आजोबांनी भाषा येत नसताना हाताला धरून आणखी खाचा दाखवल्या. हॉटेलवाल्यांनी शिकावं असं आतिथ्य.

चीड आली ती खडी-ग्रॅनाइटच्या खाणींची. याच टेकड्या फोडून नेतायत, आणि अशी खाच असलेला खडक गेला की गेला.

बळ्ळारीतल्या म्युझियमला रॉबर्ट ब्रूस फूट या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाचं नाव आहे. हा माणूस जिऑलॉजिकल सर्व्हेतून रिटायर होऊन आपल्या सयाजीरावांच्या नोकरीत होता, बडोदा संस्थानाच्या भूगर्भावर त्याचं 1898 चं पुस्तक आहे. आणि चाळीसच्या दशकात संगनकल्लूला खोदकाम करणारे सुब्बाराव पुढे आपल्या युनिव्हर्सिटीत आर्किऑलॉजीचे हेड झाले. दांडिया बाजारात उभं राहून विचारा, यातलं एक नाव कोणाला माहीत असेल तर! राजवाड्याच्या तिकिटाचे भाव मात्र सगळ्यांना पाठ.

वर फूटने जमवलेला दगडी हत्यारं वगैरे जुन्या वस्तूंचा संग्रह 1904 मध्ये मद्रासच्या सरकारी म्युझियमने विकत घेतला, बडोदा संस्थानात सापडलेल्या वस्तूंसकट. हे कळल्यावर मामा भडकले, "म्हणजे आपले दगड बघायला चेन्नई?" आता रोज ट्रेन शोधतायत. मी सांगून ठेवलंय, एसीचं तिकीट असेल तरच येईन.